एका भांड्याला वीज किती?



आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस ड्रिल आणि ग्राइंडरच्या विजेवर काय बोलणार? हे तर वायरमनचं काम. प्रश्न रास्त आहे. पण एखाद्या गोष्टीची किंमत आपण कशी ठरवतो, ती कुणाच्या नावावर टाकतो आणि कोणती किंमत मोजायचीच विसरतो, हा जुना तात्त्विक प्रश्न आहे. तो विजेच्या बिलात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आपण बसलोय ते कसबा पेठेत. पुण्याची ही सर्वांत जुनी पेठ. इथून चालत गेलात तर तांबट आळी लागते, पुढे कुंभारांची वस्ती, बुरूड आळी. हाताने काम करणाऱ्यांच्या या आळ्या. आज त्या हाताच्या जोडीला एक-दोन मोटरी आहेतच. भट्टीला हवा देणारा ब्लोअर, पॉलिशची मोटर, हातातलं ड्रिल, कुंभाराचं विजेवर फिरणारं चाक. मग साधा प्रश्न विचारू या: तांब्याचा एक हंडा तयार व्हायला वीज किती लागते? किती रुपयांची? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, 'बिल महिन्याला इतकं येतं.' म्हणजे महिन्याचं उत्तर मिळतं, हंड्याचं मिळत नाही. हा फरक कधी पडला, कसा पडला आणि त्याने कुणाचं नुकसान झालं, हे आज पाहायचं आहे.

आधी जुना हिशेब बघू. तांबट आळीतली मंडळी त्वष्टा कासार समाजाची. पेशवाईत पुणं वाढलं तशी ही वस्तीही वाढली. मोठे हंडे, घंगाळी, बंब, लग्नकार्याची भांडी इथे घडत. व्यवहाराची रीत साधारण अशी होती, की धातू व्यापाऱ्याचा, हात तांबटाचा आणि मजुरी वजनावर. पत्रा तोलून घ्यायचा, भांडं तोलून द्यायचं. कोळसाही तोलूनच यायचा. भाता ओढायला घरातलं एखादं पोर किंवा हाताखालचा माणूस असायचा. म्हणजे एका भांड्याला कोळसा किती गेला, भात्यावर माणूस किती वेळ बसला, हे डोळ्यांसमोर होतं. मजुरी ठरवताना तांबट ते धरून बोलू शकत होता. मजुरी पुरेशी मिळत होती असं मी म्हणत नाही. पण वाटाघाटीत बोट ठेवायला जागा होती.

पुण्याचं भाग्य असं, की इथल्या कारागिरांचा अभ्यास लवकर झाला. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली. धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली तिथे शहराच्या पाहण्या झाल्या. ना. म. जोशी यांचं मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातल्या शहरी हस्तव्यवसायांवरचं पुस्तक १९३६ साली याच संस्थेने काढलं. खुद्द गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत प्रसिद्ध केली, पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली. कारागीर कमावतो किती, कच्चा माल कुणाचा, कर्ज कुणाचं, हे प्रश्न या मंडळींनी दारोदार जाऊन विचारले. त्यांची ही पद्धत लक्षात ठेवा. आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त एका छोट्या मोटरीपुरतं.

आता मोटरीकडे येऊ. मोटरीवर 'एक एचपी' लिहिलेलं असतं. एचपी म्हणजे अश्वशक्ती. हा घोडा आला कुठून? जेम्स वॉटने वाफेचं इंजिन सुधारलं तेव्हा खाणमालकांना त्याचा सौदा असा असे: जुन्या इंजिनाच्या मानाने तुमचा कोळसा जितका वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा मला द्या. हिशेब सरळ होता. पण ज्यांच्याकडे जुनं इंजिनच नव्हतं, घाणी आणि चाकं घोडे ओढत होते, त्यांचा कोळसा वाचणार कुठला? मग इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे सांगणं भाग पडलं आणि त्यासाठी घोड्याचं माप ठरवावं लागलं. आजच्या हिशेबात एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. सांगायचा मुद्दा असा, की हे माप शास्त्राच्या कुतूहलाइतकंच भाव ठरवण्याच्या गरजेतून आलं. मापाच्या मागे बहुधा एखादा सौदा असतो.

वाफेचं इंजिन मोठं, म्हणून कारखानाही मोठा. एका मोठ्या इंजिनाला पट्टे लावून शंभर यंत्रं फिरवायची, तर शंभर माणसं एका छपराखाली आणावी लागतात. छोट्या कारागिराच्या परवडीत ते बसत नव्हतं. फ्रान्झ रॉइलो नावाचा जर्मन यंत्रशास्त्रज्ञ १८७५ च्या सुमारास म्हणत होता, की लहान इंजिन स्वस्तात मिळालं तर घरातल्या कारागिराला कारखान्यासमोर उभं राहता येईल. त्याच्या मनात गॅसची आणि गरम हवेची इंजिनं होती. ते काम पुढे विजेच्या मोटरीने केलं. १८९५ साली श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं. आज बोहरी आळीत दुकानादुकानांत टांगलेल्या ड्रिलचा तो पूर्वज.

आपल्याकडे गांधीजींचं मतही इथे आठवावं. त्यांना यंत्रविरोधी म्हणून निकालात काढायची पद्धत आहे. पण १९३५ साली 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिलं, की खेड्यातल्या घराघरात वीज आली आणि लोकांनी आपली अवजारं विजेवर चालवली, तर माझी हरकत नाही. पुढे अट घातली, की वीजघरं मात्र गावांच्या किंवा सरकारच्या मालकीची असावीत. म्हणजे अवजार कुणाचं हा प्रश्न त्यांनी सोडवला, आणि वीज कुणाची हा प्रश्न उभा केला. तो दुसरा प्रश्न आपण पुढे घेऊ.

वीज विकायची तर मोजली पाहिजे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीजघर सुरू केलं. त्याचं सुरुवातीचं मीटर गमतीचं होतं. बरणीत द्रावण, त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. महिन्याने कंपनीचा माणूस यायचा, पट्टी नेऊन तोलायचा आणि त्यावरून बिल. वीजही तोलूनच विकली जात होती म्हणा ना! पण त्या तोलण्यातलं गिऱ्हाइकाला काही दिसत नव्हतं. मग १८८९ साली बुडापेस्टच्या ओटो ब्लाथीने फिरत्या चकतीचं मीटर केलं. काचेच्या आत गोल फिरणारी ती चकती, कडेला काळी खूण. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी ती पाहिली आहे.

आणि 'युनिट' हा शब्द? इंग्लंडमध्ये १८८२ च्या वीज कायद्यानंतर व्यापार मंडळाने विक्रीचं माप ठरवलं. ते 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. हजार वॅटचं काम तासभर, म्हणजे एक किलोवॅट-तास. आपल्याकडे इंग्रजी अमलात वीज आली तिच्याबरोबर हे नावही आलं. बोर्ड गेलं, ट्रेड गेला, 'युनिट' तेवढा राहिला.

इथे एक मोठा बदल झाला, फार गाजावाजा न होता. कोळसा भांड्याच्या नावावर लागायचा. वीज महिन्याच्या नावावर लागली. भट्टीत आता किती जळालं हे तांबटाला दिसत नाही, महिन्याच्या शेवटी कागद येतो. त्या कागदात घरातला पंखा, टीव्ही, मुलाच्या अभ्यासाचा दिवा आणि पॉलिशची मोटर सगळं एकत्र असतं. जुन्या वाड्यांत तर एकाच मीटरवर अनेक बिऱ्हाडं असत आणि मालक दर बल्बमागे ठरावीक रक्कम घेई. तिथे कुणी मोटर लावली की भांडण ठरलेलं. व्यापाऱ्याशी मजुरी ठरवताना मात्र तांबट म्हणणार काय? 'बिल फार येतं हो.' आणि समोरचा म्हणणार, 'ते आमच्याकडेही येतं.' संपलं बोलणं. खर्च वस्तूपासून सुटला की त्यावर बोलताही येत नाही. म्हणून तो परत वस्तूला जोडून दाखवणं महत्त्वाचं आहे.

ते कसं करायचं? आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मी ही चारही इथे वापरणार आहे.

पहिलं शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. इथे ते सांगणं म्हणजे यंत्रावरची पाटी. ड्रिलवर ६०० वॅट लिहिलंय, ग्राइंडरवर ८५० वॅट. हातातल्या अवजारांवर हा आकडा सहसा ते जास्तीत जास्त किती वीज ओढेल याचा असतो. पण बसक्या मोटरीवर एचपी लिहिलेलं असतं, ते ती किती काम देईल याचं. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॅटचं काम मिळणार. मोटर स्वतः तापते, आवाज करते, त्यात थोडी वीज जाते. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ओढणार जवळजवळ हजार वॅट. म्हणून सोपं सूत्र: एक एचपीची मोटर पूर्ण भारावर तासभर चालली तर साधारण एक युनिट.

दुसरं अनुमान. वॅटला तासांनी गुणा, हजाराने भागा, युनिट मिळाले. पण तास कोणते? ड्रिल घेऊन तुम्ही तासभर काम केलंत, तर खटका प्रत्यक्षात दाबलेला असतो दहाएक मिनिटं. बाकी वेळ खूण करणं, पकडणं, माप बघणं. ६०० वॅट गुणिले दहा मिनिटं म्हणजे १०० वॅट-तास, एका युनिटचा दहावा हिस्सा. तोही पूर्ण जोर धरून. पाटी खोटं बोलत नाही, पण ती कमाल सांगते, रोजचं सांगत नाही.

तिसरं उपमान, ओळखीच्या गोष्टीशी तुलना. बादलीभर, म्हणजे पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळजवळ ०.४४ युनिट लागतात. तेवढ्या विजेवर ते ६०० वॅटचं ड्रिल पूर्ण जोरात पाऊण तासाला थोडं कमी चालेल. खटका दाबून, सलग. रोजच्या कामात त्याला चार तासांहून जास्त लागतील. घरातला मुलगा ड्रिल चालवतो म्हणून ओरडणारे वडील गिझर चालू ठेवून पेपर वाचत असतात! उष्णता महाग, फिरणं स्वस्त, एवढं मनात धरलं तरी निम्मे अंदाज बरोबर येतात.

चौथं प्रत्यक्ष, आणि ते मीटरपाशी उभं राहूनच होतं. हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकींचा एक युनिट, हे मीटरवर छापलेलं असतं. समजा ३,२०० छापलंय. घरातलं सगळं बंद करा, फक्त एक यंत्र कामावर ठेवा, एक मिनिट लुकलुकी मोजा. चाळीस आल्या. तासाच्या २,४००. भागिले ३,२००, म्हणजे ०.७५. हे यंत्र या कामावर तासाला पाऊण युनिट घेतं. पाटी काय म्हणते आणि शेजारी काय सांगतो, ते आता बाजूला ठेवा.

एक सावधगिरी मात्र सांगतो. काही जण तारेला चिमटा मीटर लावून अँपिअर बघतात आणि २३० ने गुणतात. मोटरीच्या बाबतीत हा आकडा फुगतो. विशेषतः मोटर रिकामी फिरत असेल तर. कारण मोटर जो प्रवाह खेचते त्यातला काही भाग नुसता ये-जा करतो, काम करत नाही. घरगुती मीटर खऱ्या कामाची वीज मोजतं.

आता आपल्या हंड्याकडे या. आकडे मी हिशेबासाठी गृहीत धरतोय, दरही सोपा धरू, युनिटला दहा रुपये. पॉलिशला एक एचपीची मोटर सहा मिनिटं: ०.१ युनिट. छोटा ब्लोअर, तीनशे वॅटचा, वीस मिनिटं: ०.१ युनिट. कड्यांसाठी ड्रिल मिनिटभर: ०.०१. बेरीज ०.२१ युनिट, दोन रुपये दहा पैसे. एवढंच? हो, एवढंच.

ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, म्हणून आणखी एक गणित सांगतो. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने काम करतो तेव्हा तो साधारण ७५ वॅट देतो. आठ तासांचे ६०० वॅट-तास. म्हणजे माणसाच्या पूर्ण दिवसाच्या अंगमेहनतीत एक युनिटही भरत नाही. दुसऱ्या बाजूने बघा. एक किलोचा हातोडा सेकंदाला पाच मीटर वेगाने पडला, तर एका घावात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. एका युनिटात छत्तीस लाख ज्यूल. भागाकार केला तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार घाव! तांबटाच्या मठारकामात, म्हणजे भांड्यावर जे एकसारखे ठोके उठवतात त्या कामात, आपण ऊर्जेचे पैसे देत असतो तर सगळं मठारकाम दहा रुपयांत व्हायला हवं. आपण पैसे देतो ते घाव कुठे घालायचा, किती जोराने आणि कधी थांबायचं याचे. निदान द्यायला हवेत. 'आता मशीन आलं, मग मजुरी कशाला वाढवायची' असं म्हणणाऱ्याला हे गणित दाखवावं. मशीनने ऊर्जा स्वस्त केली. नजर स्वस्त केली नाही.

पण हिशेब अजून संपला नाही. मोटर एकदा सुरू केली की बऱ्याच ठिकाणी ती दिवसभर फिरत असते. रिकामी मोटर पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज घेते. ३०० वॅट धरू. दिवसाला दहा हंडे झाले, तर प्रत्यक्ष पॉलिश एक तास आणि रिकामं फिरणं सात तास. ते झाले २.१ युनिट, एकवीस रुपये, हंड्यामागे दोन रुपये दहा पैसे. म्हणजे न केलेल्या कामाची वीज केलेल्या कामाइतकीच झाली. आता स्थिर आकार. तो वीज वापरा न वापरा, द्यावाच लागतो. महिन्याला पाचशे रुपये धरू. पंचवीस दिवसांत अडीचशे हंडे झाले तर हंड्यामागे दोन रुपये. एकूण सहा रुपये वीस पैसे.

आणि मंदी आली? दिवसाला दोनच हंडे, महिन्याला पन्नास. मोटर सवयीने दिवसभर फिरतेच आहे. रिकाम्या फिरण्याचे हंड्यामागे जवळजवळ अकरा रुपये सत्तर पैसे, स्थिर आकाराचे दहा रुपये, खऱ्या कामाचे तेच दोन रुपये दहा पैसे. एकूण तेवीस रुपये ऐंशी पैसे. जवळजवळ चौपट. हंडा तोच, हात तोच, यंत्र तेच. स्टीलची भांडी आली आणि तांब्या-पितळेची मागणी ओसरली तेव्हा कारागिरांना 'वीज महाग झाली' असं जे वाटलं असेल, त्यात दरवाढ होतीच. पण काम कमी झाल्यानेही वीज महाग होते, हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं. मोटर बंद करायची सवय लावली, तर यातले अकरा-बारा रुपये कारागिराच्या हातात आहेत. उरलेले दहा नाहीत.

हा स्थिर आकार कुणाच्या डोक्यातून आला? जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली मांडणी केली, की वीज पुरवण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक, वीज तयार ठेवण्याचा: यंत्रं, तारा, माणसं. दुसरा, प्रत्यक्ष पुरवण्याचा: कोळसा. तुम्ही महिन्यात एकदाच बटण दाबणार असलात तरी त्या एका क्षणासाठी सगळं सज्ज ठेवावं लागतं. म्हणून दर दोन भागांत घ्यावा. तर्क बिनतोड आहे. आजच्या महावितरणच्या बिलावरचा स्थिर आकार आणि वीज आकार ही त्याचीच रूपं. पण या तर्काचा भार कुणावर पडतो? ज्याचं काम अनियमित, हंगामी, त्याच्यावर जास्त. गणपतीच्या आधी दोन महिने रात्रंदिवस आणि मग थंड, असा ज्याचा धंदा, त्याने वर्षाचा हिशेब केला पाहिजे, महिन्याचा नव्हे.

हेच गणित आपल्या राज्याने मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. दाभोळ आठवतंय ना? एन्रॉनच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, ७४० मेगावॅटचा. करार असा होता, की वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटीचे पैसे द्यायचे. वीज महाग म्हणून मंडळाने कमी घेतली. कमी घेतली की ठरलेली रक्कम कमी युनिटांवर वाटली जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग. २००१ साली मंडळाने खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या व्यवहाराची चिकित्सा केली. त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेची मंडळी कागद-पेन्सिल घेऊन हेच आकडे मांडत होती. मंदीतला तांबट आणि दाभोळमध्ये अडकलेलं वीज मंडळ यांच्या हिशेबाची जात एकच आहे. फरक हा, की तांबटाच्या हंड्याचा हिशेब करायला समिती बसत नाही. तो त्यालाच करावा लागतो.

आता गांधीजींचा तो दुसरा प्रश्न, वीज कुणाची आणि तिची किंमत कुणी दिली. टाटांनी खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू केलं. मग भिवपुरी, १९२२. पुढचं धरण मुळशीला, इथून फार लांब नाही. मावळातली गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी तो लढवला. धरण झालंच. १९२७ साली भिरा इथलं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईकडे गेली. त्या विजेच्या एका युनिटचा जो दर ठरला, त्यात यंत्रांची किंमत होती, तारांची होती, भांडवलावरचा नफा होता. घर सोडून गेलेल्या मावळ्याचं दुःख कोणत्या आकारात धरलं होतं? स्थिर की चल?

आजही तसंच आहे. कोळशावरच्या एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. तांबट पूर्वी कोळसा तोलायचा, त्याचा धूर त्याच्याच नाकात जायचा. आता त्याच्या मोटरीसाठी कोळसा चंद्रपूरला, कोराडीला जळतो. आळी स्वच्छ झाली, हे चांगलंच झालं. तिथला माणूस मात्र आपल्या हिशेबात नाही. आपल्या हंड्यामागे दोन-तीन रुपयांची वीज गेली असं मी म्हणालो. ते खरं आहे, पण ती किंमत बिलापुरती आहे. तांबटाला मजुरीत आपली वीज धरली जावी असं वाटतं ना? मग वीज बनते तिथल्या माणसालाही तसंच वाटत असणार.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. पहिली, घरगुती जोडणीतल्या टप्प्यांची. आपल्याकडे शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, असे टप्पे आहेत. पुष्कळ जणांना वाटतं, की १०१ वा युनिट पडला की सगळे युनिट महागतात. तसं होत नाही, वरचे तेवढेच महाग. पण याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या. घराचा वापर आधीच ९५ युनिट आहे आणि तुमच्या यंत्राने वीस वाढवले, तर त्यातले पाच पहिल्या दराने आणि पंधरा वरच्या दराने. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून जो सरासरी दर काढतात, तो इथे चालत नाही. यंत्राचे युनिट शेवटी येतात, म्हणून त्यांना शेवटचा दर लावायचा. त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवायचं, वर वीज शुल्क. आणि धंदा करत असाल तर बिलावर तुमची वर्गवारी कोणती लिहिली आहे, मंजूर भार किती आहे, ते वाचा. युनिट तोच असला तरी घर, दुकान आणि कारखाना यांचा दर वेगळा असतो.

दुसरी गोष्ट, एक वही ठेवा. कोणतं यंत्र, आज किती मिनिटं कामावर, किती वेळ रिकामं, किती नग झाले. फक्त एक महिना. शेवटी नगामागे विजेचा आकडा निघेल. तो दोन रुपये निघो की वीस, मजुरीची बोलणी करताना तो समोर ठेवता येईल. 'बिल फार येतं हो' याला उत्तर देणं सोपं असतं. 'या हंड्याला सहा रुपये वीस पैशांची वीज लागली, आणि गेल्या महिन्यात तुम्ही काम कमी दिलंत तेव्हा तेवीस रुपये ऐंशी पैशांची' याला उत्तर देताना समोरच्यालाही आपली वही काढावी लागेल.

गाडगीळांच्या लोकांनी आळीआळीत जाऊन हिशेब विचारले, त्याला आता पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. पुन्हा तशी पाहणी कुणी करेल तेव्हा करेल. तोवर ज्याच्या घरात मोटर आहे त्याने आज रात्री मीटरपाशी उभं राहून एक मिनिट मोजावं आणि आकडा लिहून ठेवावा. प्रश्नोत्तरांत कुणी आकडे सांगितले तर आपण इथेच ते सोडवू. विचारा आता.